महिना सातवा: आयी, आर्टिकल राहिलं

या महिन्यात व्याकरणाच्या गाळलेल्या जागांत मला पहिल्यांदाच १५ पैकी १५ मिळाले. आठवडाभर मी हवेत होते. पुढच्या रविवारी ९ मिळाले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी मूळची सांगलीची, मराठी माध्यमातली, सध्या मुक्काम चीनच्या च्यांगसू प्रांतात, सुझोऊला. चिनी शिकायची हौस आहे आणि क्लासला जायचा कंटाळा. शेजारची मुलगी गाओ-अरला आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं अकरावीला. सप्टेंबरपासून आम्ही दोघी दर रविवारी दुपारी गाओकाओच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या, इंग्रजी पेपरातला एकेक भाग घड्याळ लावून सोडवतो. ती परीक्षेसाठी, आणि मी उत्तरांखाली दिलेलं चिनी स्पष्टीकरण वाचता यावं म्हणून. निदान सुरुवातीला माझं कारण तेवढंच होतं. इंग्रजी आपल्याला येतं, असा माझा समज होता.

ती मला 'आयी' म्हणते. हा शब्द मुळात आईच्या बहिणीचा, पण आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला चालतो. म्हणजे आपली मावशीच की! फक्त कानाला 'आई' ऐकू येतं, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी उगाच हळवी होत होते.

पेपर १५० गुणांचा, वेळ दोन तास. ऐकण्याचे ३० गुण आम्ही सोडून देतो, ते ती शाळेत करते. चार उतारे आणि 'सातातून पाच निवडा' मिळून ५० गुण. प्रत्येक उत्तर अडीच गुणांचं, त्यामुळे एक चूकही चांगलीच महागात पडते. मग १५ गुणांचा पर्याय निवडायचा उतारा, १५ गुणांचा व्याकरणाचा उतारा आणि ४० गुणांचं लेखन. उताऱ्यांत माझं बरं चाललंय. या महिन्यात ५० पैकी ४५ आले, तिला ४२.५. पहिला उतारा म्हणजे बहुतेक वेळा एखादं माहितीपत्रक, तो हसत हसत सुटतो. चौथ्यात मात्र विज्ञानातलं किंवा विचारातलं काहीतरी असतं आणि वाक्यं मारुतीच्या शेपटीसारखी लांबत जातात. 'सातातून पाच'मध्ये दोन वाक्यं फसवी असतात. तिची युक्ती सोपी आहे: वाक्यात 'दे' किंवा 'धिस' दिसलं की आधीच्या ओळीत ते कुणाला म्हटलंय ते शोधायचं, सापडलं नाही तर ते वाक्य खोडायचं. मी अजून 'वाचून बरं वाटतंय' या तत्त्वावर चालते, आणि तिथंच मार खाते.

आता त्या ९ गुणांकडे वळते.

व्याकरणाच्या उताऱ्यात १० जागा, प्रत्येकी दीड गुण. बहुतेक जागांपुढे कंसात एक शब्द दिलेला असतो, त्याचं योग्य रूप करून लिहायचं. दोन-तीन जागा कोऱ्या असतात, तिथं काहीच सूचना नाही. विषय बऱ्याचदा चीनचेच: २०२१ ला ह्वांगशान डोंगर, २०२२ ला पांडांचं राष्ट्रीय उद्यान, २०२३ ला श्याओलोंगबाओ. आम्ही सोडवला तो हा शेवटचा. श्याओलोंगबाओ म्हणजे आत गरम रस्सा असलेला वाफवलेला पदार्थ, दिसायला थेट आपल्या उकडीच्या मोदकासारखा, फक्त आत नारळाऐवजी मांस. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळतो. तोंडाला पाणी सुटलं आणि त्यातच पहिली चूक झाली. 'टेस्ट'चं विशेषण हवं होतं, मी 'टेस्टफुल' लिहिलं. ती खो-खो हसली. 'टेस्टफुल' म्हणजे अभिरुचीपूर्ण, रस्सा अभिरुचीपूर्ण कसा असेल? उत्तर 'टेस्टी'. हे तर सांगलीतल्या वडापावच्या गाडीवरही लिहिलेलं असतं.

त्याच उताऱ्यात 'लिफ्ट'ची जागा होती. पापुद्रा असा असावा की तो पदार्थ वाफवायच्या टोपलीतून न फाटता उचलता यावा, अशा अर्थाचं वाक्य. मी 'टु लिफ्ट' लिहिलं, तिनंही 'टु लिफ्ट'च लिहिलं. उत्तर होतं 'टु बी लिफ्टेड'. दोघींची चूक एकच, म्हणून कारण शोधत बसलो. चिनीत 'उचललं, फुटलं नाही' एवढ्यावर भागतं. कोण उचलतंय आणि कोण उचललं जातंय हे क्रियापदावर दाखवायची गरजच पडत नाही. आणि मराठीत? 'मोदक अलगद उचलता येतो.' यात तरी 'उचलला जाणं' कुठं आहे? उचलणारा अध्याहृत, मोदक मजेत. दोन भाषा, दोन वेगळी घराणी, आणि दोघींनी आम्हाला नेऊन सोडलं एकाच खड्ड्यात.

तेव्हापासून मी चुकांच्या वहीत एक नवा रकाना आखला आहे: 'ही चूक कुणी शिकवली'. चुकांची वही इथं जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याकडे असते, चूक कापून चिकटवायची आणि शेजारी कारण लिहायचं. तिची वही तीन रंगांत आहे. माझी एका रंगात, पण आतापर्यंत २५ उतारे म्हणजे २५० जागा झाल्या आणि त्यात माझ्या ३८ चुका आहेत. पैकी १३ नुसत्या आर्टिकलच्या, म्हणजे 'अ', 'अॅन', 'द'च्या. चिनीत आर्टिकल नाही, मराठीतही नाही, आणि कोऱ्या जागेत हमखास तेच दडलेलं असतं. 'आयी, आर्टिकल राहिलं' हे वाक्य मी आता झोपेतही ऐकते. गंमत म्हणजे बोलताना माझं आर्टिकल फारसं चुकत नाही. सवयीनं आलेलं आहे. कोरी जागा समोर आली की सवय पळून जाते आणि नियम माहीतच नसतो.

दुसरं जुळं भावंड म्हणजे 'ऑल्दो' आणि 'बट'. चिनीत 'सुइरान' म्हटलं की पुढं 'दान्शर' येतोच, 'इनवेइ' म्हटलं की 'स्वोयी'. म्हणून तिच्या वाक्यात ऑल्दोनंतर बट, बिकॉजनंतर सो. इंग्रजीत जोडीतला एकच चालतो. मी ज्ञान पाजळायला सरसावले आणि गप्प झाले. 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' जरीला तरी लागतोच! शाळेत असताना माझ्याही वहीत याच्यावर लाल रेघा होत्या. मी तिला म्हटलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ती म्हणाली, एका डोंगरावर दोन वाघ राहत नाहीत. ही त्यांची म्हण. वाघांची म्हण वहीत माझ्या अक्षरात आहे, तलवारींची तिच्या अक्षरात, देवनागरीत. 'म्या'चा काना विसरली होती, तो मी घातला.

पण सगळीकडे अशी जोडी जमत नाही. 'विच', 'हू', 'दॅट'च्या जागा तिला फार छळतात. 'काल घेतलेली छत्री' हे चिनीतही अगदी असंच म्हणतात, 'काल घेतलेली' आधी, छत्री शेवटी. इंग्रजीत छत्री आधी आणि तिचा इतिहास मागून. तिला हे सगळं डोक्यात उलटं करावं लागतं. मला मराठीनं दुसरी वाट दिली आहे: 'जी छत्री काल घेतली, ती'. या 'जी'ला धरून 'विच'पर्यंत सहज पोचता येतं. या प्रकारात माझ्या सात महिन्यांत फक्त दोन चुका आहेत. तिला मी जो-तो समजावून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं की छत्री 'जी' का आणि 'जो' का नाही. छत्री बाई आहे म्हटल्यावर तिनं खोलीतल्या प्रत्येक वस्तूचं लिंग विचारून घेतलं. चिनीत बोलताना 'तो' आणि 'ती' दोन्ही 'था'च, म्हणून ती इंग्रजीत स्वतःच्या आईला बिनधास्त 'ही', म्हणजे 'तो', म्हणते. त्यात टेबल नपुंसकलिंगी निघालं म्हटल्यावर त्या दिवशीचा पेपर राहिलाच.

लेखनाकडे मी आत्तापर्यंत काणाडोळा केला होता, या महिन्यात सुरू केलं. १५ गुणांच्या पत्रात तुम्ही जवळजवळ नेहमी ली ह्वा नावाचा विद्यार्थी असता. हा ली ह्वा वर्षानुवर्षं परदेशी मित्रांना पत्रं लिहितो आहे, आणि त्याची पत्रं आम्ही का लिहायची, यावर इथल्या मुलांचे विनोद चालू असतात. २०२३ च्या पत्रात परदेशी शिक्षक रायन यांनी बोलण्याच्या सरावासाठी वाट्टेल तशा जोड्या लावायचं ठरवलंय, ते कसं बरोबर नाही हे त्यांना ८० शब्दांत सांगायचं होतं. मी तक्रार अर्जाच्या थाटात लिहिलं. ती म्हणाली, आधी आभार, मग अडचण, मग उपाय, मग पुन्हा आभार. थोडक्यात, आपण सोसायटीच्या चेअरमनशी बोलतो तसं.

२५ गुणांचा प्रकार जास्त रंगतदार आहे. अर्धी गोष्ट दिलेली असते, पुढचे दोन परिच्छेद तुम्ही लिहायचे, दोन्हींचं पहिलं वाक्य तयार, साधारण १५० शब्द. हा प्रकार पहिल्यांदा झेज्यांग प्रांतात २०१६ च्या ऑक्टोबरात आला, च्यांगसूच्या पेपरात २०२१ पासून. त्याच वर्षीच्या गोष्टीत जुळी भावंडं मदर्स डेला आईसाठी नाश्ता करायला जातात आणि पेज उतू जाते. पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात बाबा हजर. मी बाबांना आधी एक सणसणीत ओरडा द्यायला लावला, मग हसायला लावलं. मला वाटलं, जिवंत माणूस आहे. तिनं लाल पेनानं १६ दिले. बाबांनी ओरडायचं नाही, हसायचं. डोळ्यांत पाणी यायला हवं, हातांची हालचाल हवी, खिडकीतून ऊन यायला हवं. आणि शेवटी 'शंगह्वा' हवं.

शंगह्वा म्हणजे शेवटच्या वाक्यात गोष्ट उंचावर न्यायची. रसायनशास्त्रात घन पदार्थाचं थेट वायूत रूपांतर होतं त्यालाही हाच शब्द आहे, आपण संप्लवन म्हणतो ते. म्हणजे नाश्त्याचा कापूर करून जाळायचा. मी म्हटलं, नाश्ता खाऊन भांडी घासली, इथं संपवलं तर? तिनं मान हलवली आणि भांड्यांवर काट मारली. माझं अजूनही तिच्याशी पटलेलं नाही. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या मसुद्यात बाबा हसले, आणि २० आले.

त्याहून मोठा आक्षेप माझ्या अक्षरावर होता. उत्तरपत्रिका स्कॅन होते, तपासणारे पडद्यावर वाचतात, म्हणून इथली मुलं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं गोल, जाडसर, एकमेकांना न चिकटणारं काढतात. या वळणाला हंगश्वेइ शैली म्हणतात, हपै प्रांतातल्या हंगश्वेइ गावच्या शाळेवरून. माझं अक्षर चार रेघांच्या वहीतलं, उजवीकडं झुकलेलं, प्रत्येक अक्षर शेजाऱ्याच्या गळ्यात पडलेलं. आमच्या बाईंनी याच अक्षराला शाबासकी दिली होती. ती म्हणाली, आयी, सुंदर आहे, पण वाचता येत नाही.

पुढच्या रविवारी ती गिरवायची वही घेऊन आली, फिकट राखाडी अक्षरांची, आणि अर्ध्या मिलिमीटरचं काळं जेल पेन. रोज एक पान. उन्हाळ्यानंतर ती गाओ-सानला, म्हणजे बारावीला, जाईल, रविवारची दुपार कितपत उरेल कोण जाणे, म्हणून या जूनचा खरा पेपर आम्ही ८ तारखेला संध्याकाळीच सोडवायचं ठरवलंय. इंग्रजीचा पेपर त्या दिवशी दुपारी तीन ते पाच असतो. तोवर वही संपवायची, असा हुकूम आहे. मी अजून इंग्रजी 'जी' या अक्षराच्या शेपटीवर अडकलेय. ती डावीकडं वळवून तिथंच थांबवायची असते, आणि माझा हात पुढचं अक्षर धरायला जातोच.