अपग्रेड अडलं की आधी डिस्क बघा

आज ऐरोलीतल्या एका ऑफिसात डेस्कटॉपवर विंडोज ११ चढत नव्हतं. अपग्रेड अर्ध्यावर जाऊन परत १० वर यायचं. सगळ्यांचं मत एकच, हार्ड डिस्क गेली. कृपया इतक्या घाईने डिस्क बदलू नका!

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ०५ (बदललेले सेक्टर) किंवा सी५ (संशयित सेक्टर) या ओळीतला आकडा वाढत असेल तर डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, खराब होताहेत. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढा, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नंतर. मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास चेकडिस्क चालवणं म्हणजे तिला घाईला लावणं. पण ०५, सी५ शून्य आणि फक्त सी७ (डेटा नेता-आणताना झालेल्या चुका) वाढतोय, तर संशय साटा केबलवर, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरवर. इथे तेच होतं. लाल केबल, क्लिप नसलेली, कनेक्टर जरा तिरका बसलेला. खाडीकाठच्या दमट हवेत पिनाही काळ्या पडतात. क्लिपवाली नवी केबल लावली. सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही, तो पुढे वाढत नाही ना एवढंच बघायचं.

विंडोज ११ साठी डिस्क जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीची लागते; ती जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधलं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल आधी व्हॅलिडेट (फक्त तपासणी) करून चालवा. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूट मोड जुन्या लेगसीवरून नव्या यूईएफआयवर करायला विसरू नका, नाहीतर मशीन बूटच होणार नाही.