मुंबई ते न्यूयॉर्क: ‘चौदा तास’ धरून पुढचं तिकीट काढू नका

मुंबई–न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. अंतर सांगणाऱ्या साइट्स त्याला ताशी 900 ने भागतात आणि ‘प्रवास 14 तास’ लिहून मोकळ्या होतात. हा आकडा फसवा आहे. जाताना थेट विमानाला साधारण 15½ ते 16½ तास लागतात, येताना 14 ते 15.

पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, अंगावर येतो, हिवाळ्यात जास्तच. समोरचा वारा सरासरी 50 किलोमीटरचा धरला तरी वेग 850 वर येतो. शिवाय सरळ रेषेत कोणी उडत नाही. अमेरिकी विमानं 2022 पासून रशियावरून जात नाहीत, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. वळसा धरून 13,200 किलोमीटर झाले, तर साडेपंधरा तास हवेतच गेले; धावपट्टीपर्यंतची रांग वेगळी. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, तीच धरा.

तारीख नीट वाचा. 15 तारखेचं रात्री 1:30 चं विमान म्हणजे 14 च्या रात्री दहाला विमानतळावर. घड्याळातला फरक हिवाळ्यात 10½ तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत 9½. म्हणजे 1:30 ला निघून 15 तास 45 मिनिटांनी उतरलात, तर तिथे हिवाळ्यात त्याच दिवशी सकाळचे 6:45.

खरा जीव जातो तो उतरल्यावर. पुढे अमेरिकेतच दुसरं विमान असेल, तर टॅग शेवटच्या शहराचा असला तरी बॅगा न्यूयॉर्कलाच पट्ट्यावरून उचलायच्या. आधी इमिग्रेशन, मग बॅगा, कस्टम्स, बॅगा पुन्हा जमा, टर्मिनल बदल आणि परत सुरक्षा तपासणी. ड्यूटी फ्रीची बाटली बॅगा जमा करण्याआधीच आत टाका. नंतर 100 मिलीच्या नियमात अडकू शकते. तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं कनेक्शन घेऊच नका, चार बरे. जेएफके विमानतळावर उतरून पुढचं विमान लाग्वार्डिया किंवा नेवार्क या दुसऱ्या विमानतळांवरून असेल तर सरळ नकार द्या: बॅगा घेऊन शहराच्या ट्रॅफिकमधून जावं लागतं. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. वेगळ्या तिकिटांवर दुसरं हुकलं तर पैसे गेले.

मधे थांबल्याने अंतर फारसं वाढत नाही. लंडनमार्गे सुमारे 12,760, दुबईमार्गे 12,950 किलोमीटर. वेळ खातो तो मधला मुक्काम. अबू धाबीचा पर्याय मात्र वेगळा: अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. ही तपासणी तिथे बसवायची, तर अबू धाबीत तीन तास हाताशी ठेवा.