डिशचा काउंट

मे महिन्यात मी आमच्या गच्चीवरच्या डिशचा पोझिशनर, म्हणजे ती फिरवणारा डबा, रिसेट केला आणि त्यानंतर दोन दिवस बिल्डिंगमधलं कुणी माझ्याशी धड बोललं नाही. घरात आई बोलत होती, पण "वाढलंय" एवढंच.

आमची डिश म्हणजे बाल्कनीतलं ताट नाही, आठ फुटी जाळीची, सी-बँड लहरी पकडणारी. धंदा गुंडाळणाऱ्या एका केबलवाल्याकडून बाबांनी घेतलेली. १९९१ला एशियासॅट-१ वरून स्टार सुरू झालं तेव्हा अशी डिश ज्याच्या गच्चीवर तो पार्ल्यात शहाणा माणूस, आता रिडेव्हलपमेंटच्या प्रत्येक मीटिंगला "तेवढं ते भंगार कधी काढताय" हा विषय ठरलेला. पण ती फिरते हो! बटण दाबलं की घुर्रर्र करत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर, हे सुख ज्याने घेतलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

फिरवतो एक दांडा, अ‍ॅक्च्युएटर म्हणतात त्याला. आत ३६ व्होल्टची मोटर, दांडा बाहेर आला की डिश एकीकडे, आत गेला की दुसरीकडे. टीव्हीखालच्या पोझिशनरच्या डब्याकडे बघून वाटतं याला सगळं आकाश पाठ आहे, पण त्याला दिसत काहीच नाही. मोटरच्या गिअरवर लोहचुंबक, शेजारी रीड स्विच, चुंबक समोरून गेला की एक टिक. तो फक्त टिका मोजतो. ७८.५ अंश पूर्वेचा थायकॉम उपग्रह म्हणजे त्याच्या लेखी २१४, १०५.५चा एशियासॅट म्हणजे ५०२. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आपापल्या जागी ठाम आहेत, आणि इथे पावसाचं पाणी शिरून चार टिका खाल्ल्या गेल्या की हा बाबा चुकीच्या जागी थांबून छातीठोकपणे सांगणार, आलं स्टेशन, उतरा.

तर झालं असं की खारट हवेने डिशचा पाइप गंजला, नवीन बसवला, म्हणजे आता उत्तर दिशा नव्याने शोधणं आलं, कारण डिश ज्या आसाभोवती फिरते तो बरोब्बर उत्तर-दक्षिण हवा. कंपास आमच्या गच्चीवर येड्यासारखा करतो, स्लॅबमध्ये सळ्या, वर लोखंडी पाइप, काय करणार बिचारा. म्हटलं ओळंबा लावू आणि भरदुपारची सावली बघू. आता मुंबईची भरदुपार बाराला नसते, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण जवळपास ७३वर. जुना बॉम्बे टाइम ३९ मिनिटं मागे होता तो उगाच नाही. मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो साधारण १२:३५ला. मी १२:३०ला डोक्यावर ओला पंचा टाकून ओळंब्यासमोर उकिडवा बसलो, सावली लहान होत गेली, होत गेली, आणि चक्क गायब! शून्य सावलीचा दिवस. वर्षातल्या ज्या दोन दिवसांत मुंबईत दुपारची सावलीच पडत नाही त्यातला एक मी उत्तर शोधायला निवडला. बाबा पायऱ्यांवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग दुसऱ्या दिवशी रीतसर केलं. सकाळी दहाच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण, दुपारी सावली परत तेवढीच लांब झाली तिथे दुसरी, तीन-दहा झाले होते. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, त्याला काटकोनात उत्तर. फुकट आणि अचूक.

यापुढचं काम दोघांचं. मी वर पाना घेऊन, बाबा खाली टीव्हीसमोर, मध्ये मोबाईल.
"स्ट्रेंथ ८० आहे रे."
"क्वालिटी सांगा, बाबा."
"क्वालिटी शून्य. पण स्ट्रेंथ फार छान आहे."
स्ट्रेंथ काय, एलएनबीला, म्हणजे डिशसमोर टांगलेल्या सिग्नल झेलणाऱ्या डबीला, करंट मिळाला की भिंतीकडे तोंड केलं तरी छान असते, चित्र येतं ते क्वालिटीवर. मधल्या, उंचावरच्या उपग्रहापासून सुरुवात करायची म्हणून थायकॉम धरत होतो. तिथे मुंबईहून डिश जवळजवळ ६७ अंश वर बघते, पाऊस झेलायला ठेवलेल्या परातीसारखी. एकदाची क्वालिटी आली, बाबा ओरडले, मी बोल्ट आवळले, खाली येऊन मागचं सगळं रिसेट मारून तीच जागा थायकॉम म्हणून सेव्ह केली. तो निघाला ७६.५चा अ‍ॅपस्टार. शेजारचाच, दोन अंशांवर, म्हणजे वीसेक टिका. दार बरोबर, मजला चुकलेला. त्यामुळे पुढचा प्रत्येक उपग्रह तेवढाच बाजूला, सगळीकडे स्ट्रेंथ फार छान.

वैतागून परत रिसेट केलं, आणि रिसेटने पूर्व-पश्चिमेच्या लिमिटही पुसल्या जातात हे डोक्यातून साफ गेलं. लिमिट म्हणजे इथून पुढे जायचं नाही हे त्या डब्याला सांगून ठेवायचं असतं. मी पश्चिमेचं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने व्हॉट्सअ‍ॅप बघत बसलो. वरून आधी कट्ट आवाज, मग पाण्याचा. डिशच्या कडेने टाकीतून खाली जाणारा मेन पाइप तोडला होता. संध्याकाळी साडेसहा, सगळ्यांची पाणी भरायची वेळ. सेक्रेटरीकाका गच्चीवर आले, पाइपकडे बघितलं, डिशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही.

प्लंबर झाला, लिमिट आधी टाकल्या, थायकॉम नीट नाव वाचून धरला, पावसाळाभर निभावलं. तरी मनात किडा होताच की नेमकी बसलीय की आपली चालतंय म्हणून चालतेय.

२ ऑक्टोबरला सुट्टी होती. या दिवसांत दुपारी काही मिनिटं सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागून जातो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. डिश थायकॉमवर लावून बाराच्या आधीच वर गेलो. एलएनबीची सावली जाळीवरून सरकत सरकत मधोमध आली, अगदी कपाळावर टिकली लावावी तशी, आणि तेवढ्यात खालून बाबा ओरडले,
"अरे गेलं! चित्र गेलं!"
"गेलं ना? पूर्ण?"
"पूर्ण! क्वालिटी शून्य!"
"बाबा, स्ट्रेंथ?"
"स्ट्रेंथ फार छान आहे."