लिफ्टमधला प्रश्न

खारघरच्या आमच्या सोसायटीत गोल्फची बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरलं की प्रश्न ठरलेले असतात. "काका, एवढ्या काठ्या कशाला?" (जास्तीत जास्त १४. १९३८ पासून तसा नियमच आहे.) "महिन्याला खर्च किती येतो हो?" (बायको सोबत असेल तर हा प्रश्न मला ऐकूच येत नाही.) आणि मग हमखास तिसरा, "आजवरचा सगळ्यात भारी कोण? टायगरच ना?"

"हो हो, टायगरच," म्हणेपर्यंत सातवा मजला येतो आणि मी सुटतो. परवा मात्र चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी उतरता उतरता लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं. "असं नाही काका, नीट सांगा. आमचे हे म्हणतात निकलस. पैज लागलीय."

तर वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी तुमच्या ह्यांची बाजू. गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा, ज्यांना मेजर म्हणतात: मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप. जॅक निकलसनं त्या १८ वेळा जिंकल्या, टायगर वूड्सनं १५ वेळा. अठरा मोठे की पंधरा? विषय संपला, असं निकलसवाले म्हणतात. त्यावर टायगरवाले सांगतात की पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, टायगरची एकूण जेतेपदं ८२ आणि निकलसची ७३. आता ८२ मोठे की ७३? सकाळी कोर्सवर आमच्या चौघांत हा वाद पहिल्या होलपासून सुरू होतो. नेरुळहून येणारे एक मित्र कट्टर निकलसवाले आहेत. त्यांचा बॉल पाण्यात गेला की वाद जास्त पेटतो.

माझी तुर्भ्याला एमआयडीसीत टूलरूम होती, तीस वर्षं. आता मुलगी बघते. जॉब चुकला असं कोणी म्हणालं की मी आधी गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, मागवायचो. गेजच झिजलेलं असेल तर जॉबला दोष कशाला द्यायचा? निकलस-टायगरच्या वादातही माझं तेच म्हणणं आहे. हे 'मेजर' नावाचं गेज बनलं कधी?

बनलं उशिरा. मास्टर्स ही स्पर्धा सुरूच झाली १९३४ साली, आणि ती सुरू करणाऱ्यांतला मुख्य माणूस होता बॉबी जोन्स. त्यानं १९३० साली 'चारही' जिंकल्या होत्या, पण त्या चार वेगळ्या: अमेरिका आणि ब्रिटनच्या खुल्या स्पर्धा आणि दोन्ही देशांच्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धा. पेशानं वकील, शेवटपर्यंत हौशी, आणि त्याच वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडून मोकळा. त्याला आजच्या तक्त्यात बसवायचं कुठे? वॉल्टर हेगनची ११ मेजर आहेत, पण त्याच्या ऐन भरात मास्टर्स नव्हतीच. आज आपण ज्या चार मोजतो, त्यांची मोट बांधून 'हाच आता ग्रँड स्लॅम' असं लोकांच्या मनावर ठसवलं ते अर्नोल्ड पामरनं, १९६० साली. त्याआधीचे खेळाडू असलं काही मोजत नव्हते. सॅम स्नीड १९४६ ला सेंट अँड्र्यूजला जाऊन ब्रिटिश ओपन जिंकला, तर बक्षिसाच्या पैशात जाण्यायेण्याचा खर्चही निघाला नाही. पुढची कित्येक वर्षं तो तिकडे फिरकला नाही. बेन होगन ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळला, १९५३ ला कार्नूस्टीला, आणि जिंकला. त्याच वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपनही त्याचीच होती. चौथी, पीजीए, खेळता आली नाही कारण तारखा एकमेकींवर आल्या होत्या. तशीही ती त्याला झेपली नसती. १९४९ ला त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली होती, तेव्हापासून पायांची दैना. आणि पीजीए तेव्हा कुस्तीसारखी एकास एक खेळली जायची, एका दिवसात छत्तीस होल चालायला लावणारी.

हे सगळे लोक आपण आज अशा पट्टीनं मोजतो, जी त्यांच्या वेळी कोणी हातात दिलीच नव्हती.

हत्यारांचंही तसंच. हे मला कळलं चोरबाजारात. एका शुक्रवारी सकाळी मटन स्ट्रीटवर जुनी मायक्रोमीटर शोधत हिंडत होतो (ती खोड अजून गेलेली नाही), तर पितळी कंदिलांच्या ढिगात एक लाकडी डोक्याची काठी दिसली. दुकानदार म्हणाला, "पुराना हॉकी है साब." मी काही बोललो नाही. सातशेला सौदा झाला. घरी आणून पुसली तेव्हा खाली पितळेची पट्टी निघाली, मानेशी काळा दोरा घट्ट गुंडाळलेला, आणि डोकं पर्सिमनचं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं अमेरिकेतलं भावंडच म्हणा. विडीची पानं देते ती टेंभुर्णी. तिच्याच कुळातलं लाकूड साठ-सत्तर वर्षं अमेरिकेतल्या नामांकित ड्रायव्हरांच्या (ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब फटका मारायची काठी) डोक्यावर बसलेलं होतं, हे मला फार आवडलं.

तो ड्रायव्हर सरावाच्या जागेवर घेऊन गेलो. पावसाळ्याची अखेर होती, समोरचे डोंगर हिरवेगार, गवत ओलं. आजकालच्या टायटॅनियमच्या ड्रायव्हरचं डोकं ४६० सीसीपर्यंत असू शकतं, एखाद्या पपनसासारखं. हे त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पहिला फटका मारला आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बॉल उजवीकडे झाडीत. दुसरा, तिसरा, तेच. टायटॅनियमला बॉल अर्धा इंच इकडेतिकडे लागला तर तो सांभाळून घेतं, आत पोकळी असते, पत्रा स्प्रिंगसारखा दबतो. लाकूड भरीव, ते काही सांभाळून घेत नाही. तीस बॉल मारले असतील, चार बरोबर मध्यावर बसले. पण त्या चारांचा आवाज! टायटॅनियम 'टण्ण' करतं, भांडं पडल्यासारखं. हे 'टक्क', बस. हाताला काही लागल्याचं कळतसुद्धा नाही. निकलसनं १९६३ साली लांब मारण्याच्या स्पर्धेत ३४१ यार्ड मारला होता, तो असल्याच लाकडानं. त्या दिवशी खांद्याला आयोडेक्स चोळताना मी निकलसवाल्यांच्या बराच जवळ सरकलो होतो.

मग वेगवेगळ्या काळातली माणसं मोजायला गेज कुठलं घ्यायचं? बरेच दिवस डोकं खाजवून मी एक धरलं. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, त्याच गवतावर, पहिला दुसऱ्यापेक्षा किती पुढे होता? हत्यारं जुनी असोत की नवी, दोघांकडे साधारण सारखीच असणार.

या हिशेबात मजा आहे. १८६२ साली टॉम मॉरिस, ज्याला म्हातारा टॉम म्हणतात, ब्रिटिश ओपन १३ स्ट्रोकनं, म्हणजे दुसऱ्यापेक्षा १३ फटके कमी मारून, जिंकला. त्याचा मुलगा, धाकटा टॉम, १८७० ला १२ नं. (हा मुलगा वयाच्या चोविसाव्या वर्षी वारला, त्याआधी ही स्पर्धा चार वेळा जिंकून.) त्या म्हाताऱ्याचा तेराचा विक्रम मेजरमध्ये १३८ वर्षं टिकला. मोडला टायगरनं, २००० साली पेबल बीचला यूएस ओपनमध्ये, १५ स्ट्रोकनं. पण म्हाताऱ्या टॉमसमोर मोजकेच खेळाडू होते आणि खेळले छत्तीस होल. टायगरसमोर जगभरातून चाळून आलेले दीडशेच्या वर होते, आणि होल ७२. टायगर पारच्या (म्हणजे कोर्ससाठी ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) १२ खाली होता, दुसऱ्या क्रमांकावरचे दोघे ३ वर. म्हणजे त्या आठवड्यात पारखाली राहिलेला तो एकटाच. परीक्षेत एकच पोरगं पास व्हावं आणि तेही डिस्टिंक्शनमध्ये, तसं.

हे सांगितलं की नेरुळचे मित्र थांबवतात. "बॉल कुठला होता ते सांगा ना." बरोबर आहे त्यांचं. त्या जूनमध्ये टायगर सॉलिड गाभ्याचा नवा बॉल खेळत होता आणि बरेच जण अजून रबराचा दोरा गुंडाळलेलाच मारत होते. म्हणजे माझ्या गेजमध्येही खोट निघाली. पण १९९७ ला मास्टर्स तो १२ नं जिंकला, वय २१, तेव्हा त्याचाही बॉल दोऱ्याचाच होता. यावर मित्र म्हणतात, चहा सांगा.

त्यापेक्षा मोठी खोट मला दुसरीकडे दिसली. पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर मोजताना दुसरा कोण होता हे बघतो आपण. फाटकाबाहेर कोण उभा होता हे बघत नाही. अमेरिकेच्या पीजीएच्या नियमांत १९६१ पर्यंत 'फक्त गोऱ्यांसाठी' असं कलमच होतं. मास्टर्समध्ये पहिला काळा खेळाडू, ली एल्डर, खेळला १९७५ ला. मास्टर्स ज्या क्लबवर होते, त्यानं पहिला काळा सभासद घेतला १९९० मध्ये. म्हणजे जोन्स, हेगन, स्नीड, होगन, अगदी तरुण निकलससुद्धा, कोणाला हरवून पहिले आले याचा हिशेब अर्धवट आहे.

आणि यात एक आपला माणूस आहे. दक्षिण आफ्रिकेतला, भारतीय वंशाचा पापवा सेगोलम. कॅडी म्हणून बॅगा उचलत खेळ शिकला. क्लब धरायची पकड उलटी, डावा हात खाली आणि उजवा वर. कुठलाही प्रशिक्षक पहिल्या दिवशी हातावर फटका देईल अशी. त्या पकडीनं तो १९५९, १९६० आणि १९६४ ला डच ओपन जिंकला. १९६३ ला डर्बनला नाताळ ओपन (नाताळ हे तिथल्या प्रांताचं नाव) जिंकला, तेव्हा बक्षीस देताना पाऊस पडत होता. गोरे लोक क्लबहाउसमध्ये, आणि विजेता बाहेर पावसात, कारण वर्णभेदाच्या कायद्यात त्याला आत पाऊल टाकता येत नव्हतं. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत त्यानं गॅरी प्लेअरला हरवलं. प्लेअरची मेजर ९ आहेत. पापवाची शून्य.

मराठी माणसाला हे वाचताना पाळवणकर बाळू आठवणारच. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा दलित गोलंदाज, आणि पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. बाळूचा क्रमांक कितवा, असं विचारलं तर आपण काय सांगतो? घशात अडकतं काहीतरी आणि विषय बदलतो.

तशी फाटकं आणखीही आहेत. मिकी राइटनं बायकांच्या एलपीजीए टूरवर ८२ स्पर्धा जिंकल्या, म्हणजे नेमका टायगरचाच आकडा, आणि मेजर १३. लिफ्टमध्ये मला तिच्याबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. अपवाद ऑगस्ट २०२१ मधला एक शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ पोचली आणि सकाळी सातपासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "बर्डी म्हणजे काय?" सुरू झालं. आमच्या सौंनीही त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण गोल्फ पाहिला, भाजी निवडत. एका स्ट्रोकनं पदक हुकलं, अदिती चौथी आली, आणि दुपारपर्यंत ग्रुप पाण्याच्या टँकरवर परतला.

असो. पैज लागलीय म्हणून एक नाव देतो. टायगर. पण 'पंधरा मेजरवाला टायगर' नाही. जून २००० ते एप्रिल २००१ मधला, ज्यानं ओळीनं चार मेजर जिंकल्या. आणि ज्यानं १९९८ पासून २००५ पर्यंत १४२ स्पर्धांत एकदाही कट चुकवला नाही. दोन दिवसांनी निम्मे खेळाडू घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. सात वर्षांत एकही आठवडा ताप नाही, घरची कटकट नाही, हात चालत नाही असं नाही? मी स्वतः महिन्यातून दोनदा तरी बॅग गाडीतच ठेवून घरी येतो. त्याच्यासमोर जग जास्त मोठं होतं, फाटकं आधीपेक्षा उघडी होती, आणि तरी तो एवढा पुढे होता. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं जन्मला असता तर कदाचित तोही बाहेर पावसात उभा असता.

तुमच्या ह्यांना मात्र अगदी हिरमुसू देऊ नका. त्यांना सांगा, निकलस १८ वेळा पहिला आला हे सगळे सांगतात, पण मेजरमध्ये तो १९ वेळा दुसराही आला होता. आणि शेवटची मेजर १९८६ ची मास्टर्स, वय ४६, शेवटचे नऊ होल ३० स्ट्रोकमध्ये. पैजेचे पैसे निम्मेनिम्मे करा, फारतर.

आणि तो लाकडी ड्रायव्हर बघायचा असेल तर सातव्या मजल्यावर या. दाराच्या मागे छत्र्यांच्या शेजारी उभा आहे. ह्यांना मारून बघू दे दोन-चार, उलट्या पकडीनं मारले तरी मी काही बोलणार नाही. फक्त कोर्सवर नेऊन. पार्किंगमध्ये नको, गेल्या दिवाळीत सेक्रेटरींच्या गाडीचा आरसा मीच भरून दिलाय.