फुलांच्या दरीआधी बाबांचा नंबर

उत्तराखंडला घरच्यांना घेऊन जायचा बेत असेल तर तिकिटं, हॉटेल, स्वेटर हे सगळं नंतर. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. आजच बघा. आमचे सव्वीस दिवस त्या एका नंबरात गेले आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

आम्ही कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. भीमगडचं जंगल आमच्या उशाला, पाऊस तर विचारूच नका. त्यामुळं मुलीनं व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा, म्हणजे फुलांच्या दरीचा, हट्ट धरला तेव्हा आई म्हणाली, "आपल्या माळावर काय फुलं कमी हाईत?" मग तिला कळलं की दरीची वाट जिथून सुरू होते त्या गोविंदघाटापासून बद्रीनाथ पंचवीसेक किलोमीटरवर आहे. झालं. एका दिवसात माणूस फिरला. भाताची लावणी उरकून जुलैच्या शेवटी जायचं, तिनंच ठरवलं. २०२५ ची गोष्ट.

फुलांची दरी १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरला बंद होते, आणि खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे आमचा मुहूर्त बरोबर होता. गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते. रिझर्वेशन हल्ली साठ दिवस आधीच उघडतं, ते मी सकाळी आठला बसून काढलं. ह्यात काही सांगण्यासारखं नाही.

अडलं ते पुढं. बद्रीनाथ आणि शिखांचं हेमकुंड ह्या यात्रेसाठी तिथल्या सरकारची ऑनलाईन नोंदणी लागते आणि त्या वर्षी ती आधारवरून होती. आधार नंबर टाकायचा, जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो भरायचा. माझं झालं, बायकोचं झालं, मुलीचं झालं. आईचा ओटीपी येईना. दोनदा, तीनदा. मग बघितलं तर नंबराचे शेवटचे आकडे ओळखीचे निघाले. बाबांचा नंबर.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. घरात एकच मोबाईल होता तेव्हा आईचं आधार, गॅस, बँक, डेअरी सगळं त्याच नंबरवर. नंतर रिचार्ज कुणी केला नाही, सिम बंद पडलं. माझ्या मोबाईलात नंबर होताच, म्हणून सहज लावून बघितला. रिंग गेली. स्क्रीनवर "बाबा" असं नाव, आणि पलीकडून एका पोराचा आवाज, "हलो, यार्री?" म्हणजे कोण बोलतंय. गोकाकचा निघाला. दीड वर्षापूर्वी दुकानातून नवीन सिम म्हणून घेतलं म्हणाला. पोरगा बरा होता. "तुमच्या डेअरीचे मेसेज येतात मला, कुणाचे ते कळत नव्हतं," असं कन्नडात सांगितलं आणि हसला. ओटीपी आला तर सांगतो, असंही म्हणाला. मी हो म्हणणार तेवढ्यात बायकोनं हातातला मोबाईल काढून घेतला. "अहो, अनोळखी माणसाकडनं आईंच्या आधारचा ओटीपी घेताय?" बरोबर होतं तिचं. तुम्हीही हा उद्योग करू नका.

आधारचा मोबाईल नंबर तेव्हा घरी बसून बदलता येत नव्हता. केंद्रावर जावं लागायचं, माणसानं स्वतः, बोटं घेऊन. कागदपत्र काही लागत नाही, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, मी बाबांच्या मृत्यू दाखल्यापासून रेशन कार्डापर्यंत सगळी फाईल घेऊन हिंडत होतो.

पहिल्या दिवशी केंद्रावर गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, "सर्वर इल्ल री, नाळे बर्री." सर्वर नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर वीसच टोकन आणि ती सकाळी आठलाच संपलेली. तिसऱ्या खेपेला मी एकटा साडेपाचला जाऊन पायरीवर बसलो. माझ्या आधी अकरा माणसं! त्यातल्या दोघी बाळाला पदराखाली घेऊन पहाटेपासून. आई नंतर लाल बसनं आली. बायकांना बस फुकट असल्यामुळं तिच्या खेपांचा खर्च शून्य, भुर्दंड सगळा माझ्या पेट्रोलचा.

साडेबाराला नंबर लागला. आईनं अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. तर्जनी. नाही. दहाच्या दहा बोटं झाली. ऑपरेटरनं साबणानं हात धुवायला पाठवलं, रुमालानं पुसायला लावलं, बोट कपाळावर घासून ठेवा म्हणाला. "मॅच आगंगिल्ल री." जुळत नाही म्हणे. पन्नास वर्षं भाकरी थापलेले हात, त्यात लावणीचे दिवस, चिखलात भिजून बोटांच्या टोकांची साल निघालेली. रेषा राहणार कुठून? तो म्हणाला, पंधरा दिवस चिखलात हात घालू नका, मग या. आई सरळ मराठीत, "आनि लावणी काय तुझा आज्जा करतोय?" त्याला मराठी येत होतं. हसला, पण पुढचं टोकन बोलावलं.

चूक त्या पोराची नव्हती, हे आता कळतं. तेव्हा मात्र रांगेतून बाहेर पडताना मी नाही नाही ते बोललो. दहा दिवसांनी परत गेलो, परत तेच. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. तोवर मी ठरवून टाकलं होतं की आईचं तिकीट रद्द करायचं. तिला सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं, कारण तिनं शेजारच्या चार घरांतून बद्रीनाथाला वाहायला पैसे घेऊन ठेवले होते.

मार्ग काढला तो दहावीतल्या मुलीनं. "आज्जीचं आधार काढताना डोळे पण स्कॅन केले होते ना? मग डोळ्यांनी करा की." इतकं साधं! मी केंद्रावर विचारलं तर डोळ्यांच्या मशीनची केबल खराब. म्हणजे मशीन होतं, पर्याय होता, आणि पाच खेपांत एकदाही कुणी तोंडातून काढलं नव्हतं. राग आला तो ह्याचा.

शेवटी बेळगावात दुसऱ्या एका केंद्रावर गेलो. तिथल्या बाईंनी आईचे हात बघितले आणि न विचारताच डोळ्यांचं मशीन पुढं ओढलं. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला धाकधूक होती. उजवा लागला नाही, डावा तिसऱ्या वेळी लागला. तेव्हा पन्नास रुपये, एक स्लिप. स्लिपवरचा यूआरएन नंबर जपून ठेवा, त्यावरून काम कुठं आलंय ते बघता येतं. नवव्या दिवशी नंबर बदलला. त्याच रात्री साडेअकराला मी आईची नोंदणी केली. ओटीपी आला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की कुत्री भुंकायला लागली.

आता जळवणारी गोष्ट ऐका. ऋषिकेशला पोचल्यावर कळलं की तिथं आणि हरिद्वारला नोंदणीचे काउंटर असतात, जागेवर करून देतात. रांग मोठी असते, पण ज्याचं काहीच जमत नाही त्यानं एक दिवस आधी पोचावं, हे आधी माहीत असतं तर मी एवढा जीव काढला नसता.

पुढचा प्रवास सुरळीत, म्हणून थोडक्यात. ऋषिकेश ते गोविंदघाट २७० किलोमीटरच्या आसपास, पण पूर्ण दिवस धरा. रात्री डोंगरातला रस्ता बंद असतो, पहाटे पाचला निघालेलं बरं. जोशीमठाच्या, म्हणजे आता ज्योतिर्मठाच्या, पुढं एटीएमवर भरवसा ठेवू नका. गोविंदघाटचा पूल त्या वर्षी मार्चमध्ये दरड कोसळून तुटला होता, त्या जागी लोखंडी बेली पूल बसवलेला. पलीकडं पुलनापर्यंत जीप, तिथून घांगरियाला, म्हणजे दरीआधीच्या मुक्कामाच्या गावाला, दहाएक किलोमीटर चढ. आई खेचरावर बसली आणि आमच्या आधी दीड तास पोचून चहा पीत होती.

घांगरिया दहा हजार फुटांवर आहे. हेमकुंड त्याहून खूप वर, ते आईसाठी आम्ही सोडलं. दरीचं तिकीट वनखात्याच्या चौकीवर मिळतं आणि तीन दिवस चालतं, म्हणून पहिल्या दिवशी पाऊस लागला तर रडू नका. दरीत खेचर सोडत नाहीत, राहता येत नाही, दुपारनंतर आत घेत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यावंच लागतं. रेनकोट घ्या, छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. आम्ही खानापूरचे म्हणून छत्र्या घेऊन गेलो आणि दोन मोडून आणल्या.

आई घांगरियातच थांबली, पण वाटेवर तिनं गुलाबी फुलांचं रान बघितलं होतं, माणसाएवढं उंच. "हा तर तेरडा!" म्हणाली. खरंच तेरड्याच्याच कुळातलं आहे ते. संध्याकाळी तिला सांगितलं की हा भाग १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाला, मग गुरंमेंढरं चरायला बंद झाली आणि एक उंच झुडूप माजून फुलांना दाबायला लागलं, आता ते दरवर्षी उपटतात. "गुरं बंद केली की तण माजणारच," एवढंच म्हणाली आणि गोधडी ओढून झोपली.

बद्रीनाथला तिच्या नोंदणीचा कागद पोलिसानं दोन सेकंद बघितला. कदाचित एकच.

डेअरीचे मेसेज अजून गोकाकलाच जातात. बँकेतला नंबर बदलायचा राहिलाय. सोमवारी आईला घेऊन जायचंय. तिथं बोटं चालतात की डोळे, ते आधी फोन करून विचारून घेणार आहे.