दोन्ही बाह्या डाव्या

बाजाराचा दिवस, दवाखाना गच्च भरलेला. सुनेनं पिशवीतून हिरवा ब्लाउज काढून माझ्या टेबलावर पसरला. "मॅडम, हा आईंनी शिवलाय. नीट बघा."

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

मावशी ६२ वर्षांच्या. तासगावात चाळीस वर्षं मशीन चालवतात. माझ्या लग्नातले ब्लाउजही त्यांनीच शिवले होते. बाहीचा मुंढा पुढून खोल, मागून कमी. कापड दुहेरी घालून कापलं की डावी-उजवी आपोआप निघते. ही चूक शिकाऊ पोरीची, मावशींची नव्हे.

"विसरतात का?"

"कुठलं हो! अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ आहेत. पण कामाला बसल्या की आधी काय करायचं तेच सुचत नाही. फोडणी जळून जाते, ह्या कांदाच चिरत बसतात."

मावशी मान खाली घालून पदराचं टोक चाळवत होत्या. मी त्यांना वार, तारीख विचारली, बरोबर सांगितली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. दोन आठवले, तिसरा जरा सुचवल्यावर आला. मग घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीनं बसले. एक काटा अकरावर, दुसरा दहावर. उठून चालताना पावलं आखूड पडत होती.

पाच मिनिटं शांत बसवून बीपी घेतलं: १७६/१०२. दुसऱ्या हाताला १७२/१००.

जुनं कार्ड शोधलं. वय ४८, १५२/९६, 'मीठ कमी, गोळी सुरू'. पुढच्या खेपेला १५०/९४ आणि माझ्याच अक्षरात 'काही त्रास नाही'. डोस मी वाढवला नव्हता. नंतरची कित्येक वर्षं कोरी. "त्रास नव्हता, मग गोळी कशाला, म्हणून सोडली," मावशी म्हणाल्या. 'त्रास नाही' हे मीही लिहून मोकळी झाले होते, आणि पुढे त्या आल्याच नाहीत तेव्हा निरोपही धाडला नाही. ते कार्ड हातात धरून मी बराच वेळ गप्प होते.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं सुमारे १५ ते २० टक्के त्याला लागतं. त्याच्या खोल भागातल्या बारीक धमन्या मोठ्या धमन्यांतून थेट फुटतात, त्यामुळे वाढलेल्या दाबाचा मारा त्यांच्यावर पडतो. त्या जाड होतात, आतून अरुंद होतात, आणि कपाळामागच्या भागाला बाकीच्या मेंदूशी जोडणाऱ्या तंतूंचं पोषण तुटतं. आठवणी बऱ्याचशा शाबूत राहतात. आखणी, क्रम, वेग आधी जातो. म्हणून घरचे म्हणतात, "विसरत तर नाहीत," आणि वर्षं निघून जातात.

साखर, थायरॉइड, बी-१२ ठीक निघालं. मिरजेला एमआरआय झाला: मेंदूतल्या पोकळ्यांभोवती पांढरे डाग, खोलवर दोन जुनी, बारीक भोकं, म्हणजे रक्त न पोचल्यानं मेलेल्या जागा. तरी मावशींना लकवा कधीच झालेला नव्हता.

सुनेनं विचारलं, "गोळ्यांनी पहिल्यासारख्या होतील?" खोटं बोलवलं नाही. झिजलेलं परत येत नाही, पुढची झीज मात्र रोखायला हवी. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात पन्नाशीपुढची नऊ हजारांवर माणसं होती. वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घसरण सुमारे १९ टक्के कमी दिसली. पक्क्या डिमेन्शियातला, म्हणजे रोजची कामं अडवणाऱ्या बौद्धिक ऱ्हासातला फरक मात्र खात्रीनं सिद्ध झाला नाही, हे २०१९ मध्ये छापून आलं. मी दोन्ही गोष्टी सांगते.

तीन महिन्यांनी मावशींचं बीपी १२८/७८ होतं. उभं करूनही मोजलं, चक्कर येऊन पडायला नकोत. आता कटिंग सून करते. हुक लावणं, हातशिलाई मावशींकडे.

त्या रविवारी मी पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची कार्डं काढून बसले. आकडा चढलेला आणि खाली माझंच 'काही त्रास नाही' अशी एकतीस निघाली. एकेकाला फोन केले. पहिला माणूस शनिवारी आला. वय ४७, १५४/९८. गोळी वाढवली आणि घड्याळही काढायला दिलं.

घड्याळ बरोबर होतं.