युवा भालाफेक स्पर्धा: भाला जमा करण्यापासून सहाव्या फेकीपर्यंत

आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेला मुलं घेऊन जाताना माझं सगळं लक्ष पात्रता फेरीच्या तीन फेकींवर असतं. पदकाचे मनसुबे सगळेच रचतात, पण बरीच चांगली मुलं त्या तीन फेकींतच बाहेर पडतात. ताकद कमी पडल्यामुळे असं क्वचितच होतं.

आधी वजनाचं बघू. १८ वर्षांखालील गटात, म्हणजे स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला १६ किंवा १७ वय असलेल्या मुलांना, ७०० ग्रॅमचा भाला असतो, लांबी २.३० ते २.४० मीटर. २० वर्षांखालील गटापासून पुरुषांचाच ८०० ग्रॅमचा, २.६० ते २.७० मीटरचा. नीरज चोप्राने २०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगॉश्च इथे ८६.४८ मीटरचा २० वर्षांखालील जागतिक विक्रम केला तो ८०० ग्रॅमच्या भाल्याने. ७०० ग्रॅमचे आकडे त्याच्या शेजारी मांडू नयेत. हलका भाला नुसत्या खांद्याच्या जोरावरही बऱ्यापैकी लांब जातो, आणि तीच सवय पुढे कोपराला भोवते.

स्वतःचा भाला वापरायचा तर तो ठरलेल्या वेळेआधी तपासणीसाठी जमा करावा लागतो. तिथे वजन, लांबी, गुरुत्वमध्याची जागा, पकडीची दोरी असं सगळं मोजतात. नापास होणाऱ्या भाल्यांत दोन दोष नेहमी सापडतात: खडकाळ मैदानावर झिजलेलं टोक, त्यामुळे काही ग्रॅम कमी भरलेलं वजन, आणि घरी पुन्हा गुंडाळलेली, एका बाजूला जाड झालेली दोरी. म्हणून निघण्याआधी भाला पुसून, माती काढून अचूक काट्यावर तोलायचा. पास झालेला भाला स्पर्धेत सगळ्यांसाठी खुला होतो, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावं. नाहीतर आपला भाला दुसऱ्याच्या हातात बघून तो बिथरतो. विमानात भाल्याची एवढी लांब नळी नेता येईल की नाही याची खात्री नसते. आयोजकांकडे कोणते भाले आहेत ती यादी माहितीपत्रकात येते. त्यातल्या निदान दोन प्रकारांवर सराव झालेला असला की नळी मागे राहिली तरी बिघडत नाही. समोरून वारा असेल तर बारीक टोकाचा भाला, पाठीमागून असेल तर जाड टोकाचा, एवढा अंदाज मुलाला स्वतःला यायला हवा.

सराव मैदानावरून कॉल रूममध्ये, म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंना हजर करून तपासतात त्या खोलीत, गेलं की प्रशिक्षक बाहेर. आत नंबर, बूट, बॅग तपासतात. फोन काढून घेतात. भालाफेकीत स्पाइक्सचे खिळे १२ मिलिमीटरपर्यंत चालतात. दोन बोटं एकत्र बांधणारी टेप चालत नाही, आणि ती ऐनवेळी सोडायला लावली की पकडच बदलल्यासारखी वाटते. इथे बसून राहण्यात अंग थंड पडतं. जॅकेट अंगावरच ठेवायचं आणि जागच्या जागी खांदे, कंबर, घोटे हलवत राहायचं.

मैदानात पहिलं काम टेपने चेकमार्क, म्हणजे धावेची पावलं जुळवायच्या खुणा, लावण्याचं. धावपट्टीच्या बाजूला दोन खुणा ठेवता येतात. खडूने रेघ मारता येत नाही. सरावाच्या फेकी साधारण दोनच मिळतात. पहिली मी पूर्ण धावेने पण ऐंशी टक्के जोराने करायला सांगतो, फक्त पाय कुठे पडतो ते बघायला. गर्दीसमोर मुलांची पावलं लांबतात, म्हणून चेकमार्क सरावापेक्षा अर्धा मीटर मागे घेतलेला बरा.

खरी गोष्ट घडते ती शेवटच्या पावलात. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय पुढे टेकताना गुडघा ताठ राहिला, तर धावेचा वेग कंबरेतून खांद्यात आणि खांद्यातून भाल्यात चढतो. गुडघा वाकला की वेग तिथेच मुरतो, कोपर खाली येतं आणि भाल्याचं टोक आभाळाकडे उठतं. भाला उंच जातो, हवेत थांबल्यासारखा दिसतो आणि पाच-सात मीटर अलीकडे पडतो. बाहेरून बघताना मी हाताकडे बघतच नाही, डाव्या गुडघ्याकडेच बघतो. डावी टाच आणि कंस (धावपट्टीच्या टोकाची वक्र रेषा, जी ओलांडायची नसते) यांत दीड ते दोन मीटर अंतर हवं. त्याहून कमी असेल तर तोल सावरताना रेषेवर पाय जातो.

पहिली फेक नियमात बसली की उरलेल्या दोन मोकळ्या मनाने करता येतात. फाउल मात्र फेकीनंतरही होतो. भाला जमिनीला लागेपर्यंत धावपट्टी सोडायची नाही, आणि सोडायची ती कंसाच्या मागूनच. आनंदात पुढे पळालेल्या मुलाची उत्तम फेक लाल झेंड्याने गेलेली मी पाहिली आहे. भाल्याचं धातूचं टोक आधी टेकायला हवं, रुतायलाच हवं असं नाही. धाव बिघडली तर थांबून, भाला खाली ठेवून, वेळ उरली असेल तर पुन्हा सुरुवात करता येते. हा नियम मुलांना ठाऊक असतो, पण घाईत कुणालाच आठवत नाही. फेकीसाठी मिळालेल्या वेळेतले शेवटचे १५ सेकंद उरले की पिवळा झेंडा वर जातो. तो दिसला तरी धाव आखडायची नाही.

पात्रतेसाठी आधीच ठरवलेलं अंतर पार झालं की त्या दिवसाच्या फेकी संपल्या. नाहीतर सर्वोत्तम १२ मध्ये यावं लागतं. पात्रतेतलं अंतर पुढे धरत नाहीत. अंतिम फेरीत सहसा सगळ्यांना तीन, मग पहिल्या आठांना आणखी तीन फेकी, क्रमवारीच्या उलट क्रमाने. बाराजण असताना आपल्या दोन फेकींच्या मधे बराच वेळ जातो. आठ उरले की पाळी लवकर येते. म्हणून चौथ्या फेकीआधी दम आणि पाणी दोन्ही सांभाळायचं. प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून काढलेलं फेकीचं चित्रण कठड्यापाशी येऊन बघता येतं, पण उपकरण आत घ्यायचं नाही. मी त्या वेळी एकच सूचना देतो.

शेवटची फेक झाली की डोपिंग चाचणीसाठी बोलावणं येऊ शकतं. मुलगा अल्पवयीन असेल तर सोबत आपला माणूस असू द्या, अलीकडे घेतलेल्या औषधांची यादी खिशात ठेवा आणि पाणी सीलबंद बाटलीतलंच द्या. जमा केलेले भाले पावती दाखवून त्याच दिवशी परत घ्या.